डॉजर्सचा २०२४चा हंगाम: पैसा ओतला, पण पिचिंगचं काय?

आज आपण लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाच्या २०२४च्या हंगामाकडे पाहू. २०२३मध्ये या संघाने १६२पैकी १०० सामने जिंकले. पण ऑक्टोबरच्या बाद फेरीत ॲरिझोनाने त्यांना ३-० असं हरवलं. बेसबॉलच्या एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे २७ जण बाद करायचे असतात. डॉजर्सकडून सुरुवात करणाऱ्या पिचरांनी मात्र तीन सामन्यांत मिळून फक्त १४ जण बाद केले आणि १३ धावा दिल्या. दुखणं होतं ते इथे.

मग हिवाळ्यात तिजोरी उघडली. शोहेई ओहतानीशी १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करार झाला. त्यातले ६८ कोटी त्याला २०३४पासून मिळतील. तोवर वर्षाला २० लाखच. जपानचाच पिचर योशिनोबु यामामोटो ३२.५ कोटींना आला, तर टायलर ग्लासनाउ टॅम्पा बेकडून.

आता गंमत बघा. ओहतानीच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे २०२४मध्ये तो फक्त फलंदाजी करणार होता. यामामोटोला जपानमध्ये आठवड्यातून एकदाच पिचिंग करायची सवय. अमेरिकेत पाळी त्याआधीच येते. ग्लासनाउने २०२३पर्यंत एका हंगामात १२० डावांपलीकडे मजल मारलेली नव्हती. क्लेटन कर्शॉ खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर उन्हाळ्यातच परतणार होता.

म्हणजे फलंदाजी भक्कम झाली, पण मूळ दुखणं पुरतं बरं झालं होतं असं म्हणता येत नव्हतं. तेव्हा नुसते विजय मोजून भागणार नव्हतं. सप्टेंबरअखेर किती पिचर धडधाकट उरतात, ते मोजायचं होतं. ऑक्टोबरचा निकाल त्यावरच ठरेल असं वाटत होतं.