बेने इस्राएलांचे कीर्तन आणि तोराची टीकापरंपरा

ज्यू धर्माचा पाया असलेली तोरा, म्हणजे मोशेच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ, सिनेगॉगमध्ये हस्तलिखित गुंडाळीवरून वाचली जाते. तिचे 54 भाग पाडलेले असून दर शनिवारी म्हणजे शब्बाथच्या दिवशी नेमलेला भाग वाचत वर्षभरात पारायण पूर्ण होते आणि लगेच पहिल्या ओळीपासून पुन्हा आरंभ केला जातो. मूळ संहितेतील एक अक्षरही बदलण्याची मुभा नाही, मात्र तिचा अर्थ लावण्याचे काम कधीच संपत नाही, ही या परंपरेची मूळ धारणा आहे. मौखिक परंपरेने चालत आलेले विधिनियम इसवी सन 200 च्या सुमारास रब्बी येहुदा हानासी यांनी ‘मिश्ना’ या ग्रंथात संकलित केले, त्यावरील पुढील चर्चा ‘गेमारा’ म्हणून ओळखली गेली आणि या दोहोंचा मिळून ‘ताल्मूद’ झाला. ताल्मूदाच्या छापील पानावर मधोमध मिश्ना आणि गेमारा, एका बाजूस राशी या रब्बींची टीका व दुसऱ्या बाजूस ‘तोसाफोत’ ही नंतरच्या पंडितांची टिपणे असतात. मान्य न झालेली मतेही त्यात आदराने नोंदवलेली आहेत.

अर्थ लावण्याचे चार स्तर मानले जातात. ‘पशात’ म्हणजे सरळ वाच्यार्थ, ‘रेमेझ’ म्हणजे सूचित अर्थ, ‘द्राश’ म्हणजे वचनाचा शोध घेऊन केलेले निरूपण आणि ‘सोद’ म्हणजे गूढार्थ. यांपैकी तिसऱ्या वाटेने ‘मिद्राश’ हे विपुल कथावाङ्मय निर्माण झाले. फ्रान्समधील त्र्वा येथील रब्बी श्लोमो यित्स्हाकी (1040–1105), म्हणजेच राशी, यांच्या टीकेत या वाङ्मयाचा मार्मिक उपयोग दिसतो. देव अब्राहामाला पुत्राचे बलिदान मागतो, तेव्हा मूळ वचनात तुझा पुत्र, तुझा एकुलता, तुझा लाडका, इसहाक असे चार उल्लेख एकापुढे एक येतात. एवढे शब्द कशाला, हा प्रश्न मनात धरून राशी जुन्या मिद्राशाच्या आधारे तेथे एक संवाद ऐकवतात. मला दोन पुत्र आहेत, असे अब्राहाम म्हणतो. एकुलता, असे उत्तर येते. दोघेही आपापल्या आईचे एकुलते आहेत, असे तो म्हणतो. लाडका, असे उत्तर येते. दोघेही लाडके आहेत, असे म्हटल्यावर शेवटी इसहाकाचे नाव उच्चारले जाते. आज्ञा एकदम कोसळून बापाचे मन गांगरू नये, म्हणून ती अशी टप्प्याटप्प्याने दिली गेली, असे राशी सांगतात.

हीच कथा महाराष्ट्रात मराठीतून सांगितली गेली. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल हे ज्यू दीर्घकाळ हिब्रू ग्रंथांपासून दुरावलेले होते. ‘शमा’ ही एकेश्वरनिष्ठेची प्रार्थना तेवढी त्यांनी जपली होती. 1796 मध्ये सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले आणि कोचीनच्या ज्यू शिक्षकांकडून विधींचे ज्ञान मिळत गेले. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रू व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. विल्सन यांचा हेतू ख्रिस्ती धर्मप्रसाराचा असला, तरी या समाजाने भाषाज्ञान घेतले आणि आपला धर्म सोडला नाही. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, तर वल्हांडणाच्या रात्री वाचली जाणारी ‘हागादा’ 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली.

या वाटचालीतील सर्वांत स्वतंत्र निर्मिती म्हणजे कीर्तन होय. 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर आदींनी हिंदू कीर्तनाचा घाट स्वीकारून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे ओवी, साकी, दिंडी, पदे आणि गद्य निरूपण यांतून मांडण्यास प्रारंभ केला. पद गाऊन झाल्यावर थांबायचे, त्याचा अर्थ उलगडायचा, पात्राच्या तोंडी संवाद घालायचा आणि त्यातून श्रोत्याच्या वर्तनाला वळण द्यायचे, ही कीर्तनकाराची रीत द्राशच्या रीतीशी सहज जुळणारी होती. लोहा-कंधार भागात हरिनाम सप्ताहातील कीर्तन ऐकत वाढलेल्या श्रोत्याला या कीर्तनाचा देव आणि कथा नव्या वाटतील, परंतु निरूपणाची चाल ओळखीचीच वाटेल. कारण गीतेवर ज्ञानेश्वरी लिहिणाऱ्या मराठी भाषेत टीका हीच स्वतंत्र निर्मिती ठरत आलेली आहे.

1948 नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तेथेही मराठी कीर्तन गायले गेले आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र या कीर्तनांना अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही. मराठी टीकावाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांनी, विशेषतः नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या संस्थांनी, ही कीर्तने संपादित करून वारकरी व नारदीय कीर्तनाच्या शेजारी ठेवून अभ्यासावीत. तोराची ही मराठी टीका बेने इस्राएलांइतकीच सर्व मराठी भाषकांची ठेव आहे.