चिखलात आडवे होणारे लपण

मुंबईतल्या मनोरीच्या खाडीला ओहोटी लागली की तिवरांच्या रांगेपुढे चिखलाची मोठी सपाटी उघडी पडते. हिवाळ्यात तिच्यावर चिखल्या, तुतवार, टिलवे उतरतात, मधूनच एखादा कोरल लांब बाकदार चोच चिखलात खुपसून चालत असतो. पाहायला इतके काही, पण पाहणाऱ्याला आडोसा म्हणून गुडघाभर उंचीचे झुडूपही नाही. जंगलातल्या पाणवठ्यावर मचाण बांधता येते, झाडीला टेकून कापडी तंबूवजा लपण उभारता येते. चिखलावर तोच तंबू एखाद्या घरासारखा उठून दिसतो. या अडचणीवरचे एक उत्तर उत्तर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी शोधले आहे. तिथे मका आणि गहू कापल्यावर उघड्या पडलेल्या शेतांत रानहंस आणि बदके दाणे टिपायला उतरतात. त्या मोकळ्या रानात शिकारी धातूच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडाच्या बुटक्या पेटीत उताणा पडून राहतो आणि पक्षी टप्प्यात आला की वरची दोन झापे उघडून उठून बसतो. या पेटीला ते लेआउट ब्लाइंड म्हणतात. आपण आडवे लपण म्हणू.

आपल्याकडे बंदुकीचा प्रश्न कायद्याने मिटवला आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१च्या दुरुस्तीने त्यातली शिकारीच्या परवान्यांची वाटही बंद झाली. त्याआधीचा काळ कसा होता हे समजायला भरतपूरचा एक आकडा पुरेसा आहे: १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे ४,२७३ पक्षी मारले गेले. त्यामुळे आज मनोरीत या पेटीत पडून राहणाऱ्याच्या हाती कॅमेरा किंवा दुर्बीणच असणार. पण लपण निवडताना आणि सजवताना शिकाऱ्यांनी जे शिकून घेतले, ते कॅमेऱ्यालाही तितकेच लागू पडते. त्यातली मुख्य गोष्ट नेमकी दुकानात झाकली जाते. दुकानात लपण विकले जाते ते कापडावर छापलेल्या पानापानांच्या नक्षीवर, आणि पक्षी बिथरतो तो उंची, सावली, चकाकी आणि हालचाल यांमुळे. नक्षीचा क्रमांक या चौघांच्या नंतर लागतो.

ॲबट थायर या अमेरिकन चित्रकाराने १८९६मध्ये एक साधे निरीक्षण मांडले: बहुतेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिके असते, त्यामुळे वरून पडणारा उजेड आणि खालची सावली एकमेकांना खोडतात आणि अंगाचा उठाव नाहीसा होतो. ह्यू कॉट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९४०च्या आपल्या ग्रंथात दाखवले की अंगावरचे ठसठशीत पट्टे आकृतीची कड तोडतात. दोघांचाही रोख रंगाच्या जुळणीपेक्षा आकारावर आणि सावलीवर आहे. आता हे मनोरीच्या सकाळीला लावून पाहू. सूर्य क्षितिजावर १० अंश चढलेला असताना दीड मीटर उंच तंबूची सावली साडेआठ मीटर लांब पडते, तर ४० सेंटिमीटर उंचीच्या आडव्या लपणाची सव्वादोन मीटर. तंबूवर जगातली उत्तम नक्षी छापली तरी ती साडेआठ मीटरची काळी पट्टी झाकता येत नाही. शिवाय पक्षी आपल्याकडे फक्त समोरून पाहत नाही. मॅलार्डसारख्या बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला चहूबाजूंचे आणि डोक्यावरचेही दिसते. उतरण्यापूर्वी घिरट्या घालणाऱ्या थव्याच्या नजरेत लपणाच्या भिंतीपेक्षा छतच अधिक वेळ असते.

म्हणून निवड करताना पहिला प्रश्न उंचीचा. पाय आणि पोट झाकणारा भाग जितका जमिनीलगत, तितके चांगले. डोक्याकडचा भाग थोडा उचललेला चालतो, पण त्याची कड तिरकी उतरती हवी, उभी नको. दुसरा प्रश्न तळाचा. शेतातल्या लपणाला पातळ तळ पुरतो, खाडीत मात्र तळ जाड, पाणी न झिरपणारा आणि अखंड लागतो. इथे आडव्या लपणाचा एक फायदा आहे, जो शेतात जाणवत नाही: मऊ चिखलात उभा माणूस पोटरीपर्यंत रुततो, पण तेच वजन लांबरुंद तळावर पसरले की लपण वर राहते. तिसरा प्रश्न सांगाड्याचा. खाऱ्या हवेत लोखंडाचे सांधे गंजून अडकतात. ॲल्युमिनियम हलका आणि त्या मानाने टिकाऊ, पण त्याची चकाकी मोडलीच पाहिजे. खाडीपलीकडच्या मार्वेहून बोटीने येणाऱ्याला हे सगळे ओझे खांद्यावर वाहायचे असते, म्हणून वजनही पाहावे. खिशांची संख्या, उशी, बाटलीची जागा यांसाठी मात्र पैसे वाया घालवू नयेत.

नवे कापड कितीही मातकट रंगाचे असले तरी त्याला तकाकी असते, म्हणून अनुभवी शिकारी पहिल्या वापराआधी पेटीला ओल्या मातीने सारवून घेतात आणि माती वाळली की झाडून टाकतात. धाग्यांत बसलेली धूळ तकाकी मारते. मनोरीत याला एक पुरवणी जोडावी लागते. खाडीचा चिखल ओला असताना काळपट आणि चकचकीत दिसतो, तर वाळला की फिक्या राखाडी रंगाचा होतो. ओल्या सपाटीच्या मधोमध वाळत चाललेले लपण तासाभरात पांढुरक्या ढेकळासारखे वेगळे दिसू लागते. म्हणून त्याची जागा ओल्या-सुक्या चिखलाच्या सीमेवर किंवा मातीच्या बांधाच्या उतारावर असावी, जिथे दोन्ही रंग आधीच मिसळलेले असतात. कापड साबणाच्या पावडरीने धुऊ नये. कपडे उजळ दिसावेत म्हणून पावडरीत घातलेली द्रव्ये उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत फेकतात, आणि अनेक पक्ष्यांची नजर रंगांच्या त्या टोकाला आपल्यापेक्षा तल्लख असते.

आडव्या लपणाच्या कापडावर ओळीने पट्ट्या शिवलेल्या असतात. त्यांत आसपासचे गवत खोवायचे असते. भात कापलेल्या खाचरात पेंढा आणि धसकटे यांनी हे काम उत्तम होते, आणि पेंढ्याची टोके वेडीवाकडी बाहेर ठेवली की कड तुटते, सावलीची धारही फाटते. खाडीकाठी मात्र तिवराची फांदी तोडण्याचा मोह पडतो. तो टाळलाच पाहिजे. कांदळवनांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये आणि पुन्हा २०१८च्या निकालात कडक निर्बंध घातले आहेत, आणि पक्षी पाहण्यासाठी त्यांचाच निवारा छाटणे हे कायदा नसता तरी चूकच ठरले असते. तिवराची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात. माणसासकट लपण त्यांच्यावर पसरले की ती मोडतात. भरतीने काठाला आणून टाकलेला सुका पालापाचोळा आणि गावातून मागून आणलेला पेंढा एवढ्यावर भागते.

जागेच्या बाबतीत मनोरीचा निसर्ग साथ देतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणून वारा पाठीशी घेऊन पडले की ते समोरून येतात. हिवाळ्यातल्या सकाळी मतलई वारे पूर्वेकडून येतात आणि सूर्यही पूर्वेला असतो. दुपारनंतर खारे वारे पश्चिमेकडून येतात आणि सूर्यही तिकडेच कललेला असतो. दोन्ही वेळा वारा आणि ऊन एकाच बाजूचे, त्यामुळे पाठ तिकडे केली की उतरणारा पक्षी समोर आणि उजळलेला मिळतो. फक्त आपली सावली पुढे पडते. तिचा हिशोब आधीच केला आहे.

यावर पहिला आक्षेप असा की आजच्या लांब पल्ल्याच्या भिंगांपुढे लपण हवे कशाला. पण भिंग अंतर कमी करते, मधली हवा कमी करत नाही. दहा वाजल्यानंतर तापू लागलेल्या सपाटीवरून हवा थरथरते आणि दूरच्या टिलव्याची पिसे पाण्यात विरघळल्यासारखी दिसतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इथले पक्षी माणसांना सरावलेले आहेत, चिंबोऱ्या आणि शिंपल्या गोळा करणाऱ्या कोळणींपासून थोड्या अंतरावर ते बिनधास्त चरतात, मग लपायचे कशाला? खरे आहे, पण कोळीण आपल्या कामात वाकलेली असते, तिची वाट पक्ष्याच्या अंगावर जात नाही. छायाचित्रकार पक्ष्यावर नजर रोखून सरळ त्याच्याकडे चालतो, आणि पक्षी हा फरक ओळखतो. पारध्यांमधल्या एका शाखेला गायके हे नाव पडले ते शिकवलेल्या गायीच्या आडून सावजाजवळ जाण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १९००च्या सुमारास पोकळ बनावट बैलात बसून पक्ष्यांची छायाचित्रे काढली. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या माणसांच्या या दोन गटांना एकच गोष्ट उमगली होती: पक्ष्याला परिचित असलेल्या दृश्यात शिरा. मनोरीत गाय चिखलात येत नाही. तिथे परिचित आहे ते चिखलाचे ढेकूळ आणि वाहून आलेला पाचोळा.

तिसरा आक्षेप असा की मारण्यासाठी घडवलेले साधन जपणुकीच्या कामाला शोभत नाही. साधनाच्या जन्माला दोष देण्यापेक्षा त्याच्या वापराला नियम लावणे मला महत्त्वाचे वाटते, आणि इथे खाडी स्वतःच नियम घालते. उधाणाच्या दिवसांत मुंबईची भरती साडेचार मीटरच्या वर चढते, भांगाच्या दिवसांत ती बरीच कमी असते, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने चढते; जवळजवळ सपाट चिखलावर वीतभर चढलेले पाणी लांबवर पसरते आणि बारीक नाळींतून पाठीमागूनही येते. पेटीत पडलेल्या माणसाला ते दिसत नाही. म्हणून भरतीचे कोष्टक पाहूनच जावे, आणि आपण कुठे पडून राहणार हे बोटी आणि जाळी घेऊन जाणाऱ्या गावकऱ्यांना आधी सांगून ठेवावे.

पण धोका फक्त माणसाला नाही. पाणी चढू लागले की खाडीभर विखुरलेले पक्षी उरल्यासुरल्या कोरड्या पट्टीकडे ढकलले जातात, आणि काठालगतच्या लपणासमोर हाताच्या अंतरावर गर्दी करतात. छायाचित्रासाठी याहून चांगली घटका नाही. त्याच घटकेला लपणातून माणूस उठला तर सगळा थवा उडतो, आणि भरती उतरेपर्यंत त्याला टेकायला दुसरी जागा मिळेलच असे नाही. सैबेरियाहून आलेल्या पक्ष्याची त्या विश्रांतीत साठवायची ताकद उडण्यात जाते. म्हणून पाणी लपणापर्यंत पोहोचण्याच्या तासभर आधी, थवा अजून दूर असताना, झापे उघडून हळू बाहेर यावे, पेटी घडी करावी आणि बांधावरून मागे चालू लागावे.