किटली धुतली, पाणी कुठे गेले?

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाईक समोर उभे असते, गवळी धार काढतो आणि फेसाळ धारोष्ण दूध तिथल्या तिथे प्यायले जाते. कासेपासून पेल्यापर्यंतचा दुधाचा हा प्रवास काही मिनिटांचाच असतो.

जिल्ह्यातल्या बाकीच्या दुधाच्या नशिबी मात्र लांबचा प्रवास आहे. गोठ्यातून किटलीत, किटलीतून गावच्या दूध संस्थेत, तेथून शीतकरण केंद्रात आणि मग मोठ्या डेअरीत. जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपले 'गोकुळ', १९६३ साली स्थापन झाला. तेव्हापासून हा प्रवास घरोघरच्या हिशेबाचा भाग झाला आहे. दूध नासले तर त्या पाळीचे पैसे बुडतात. एक-दोन म्हशींवर मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च चालवणाऱ्या घराला हे नुकसान लहान नसते.

दूध का नासते, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले 'जंतूंमुळे' असे उत्तर देतात. उत्तर बरोबर आहे. पण दुसरा प्रश्न विचारून पाहा. किटली तर रोज धुतात, मग जंतू येतात कुठून? आणि तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारतच नाही. किटली धुतलेले पाणी जाते कुठे? या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे. कसे ते पाहू.

धुतलेली किटली स्वच्छ का नसते?

दुधात पाण्याखेरीज मुख्यतः चार गोष्टी असतात: साखर (लॅक्टोज), स्निग्धांश, प्रथिने आणि क्षार. किटली रिकामी केली तरी या चारही गोष्टींचा पातळ थर आत चिकटून राहतो. अडचण अशी की प्रत्येकीला काढण्याचा उपाय वेगळा आहे.

साखर साध्या पाण्यात विरघळते. स्निग्धांश थंड पाण्याने निघत नाही. तो सुमारे ३७ ते ४० अंश सेल्सिअसला पूर्ण वितळतो आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने पाण्यात मिसळतो. प्रथिनांचे उलट आहे. पाणी फार गरम असेल तर ती शिजून धातूला घट्ट चिकटतात. दूध तापवलेल्या पातेल्याच्या तळाशी बसलेला थर आठवा. क्षारांवर सोड्याचाही उपाय चालत नाही. त्यांचा हळूहळू पांढुरका, खरखरीत थर बसतो आणि तो काढायला आम्ल लागते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर त्यातला चुनाही या थरात भर घालतो.

म्हणजे 'कढत पाणी ओतले की झाले' ही समजूत चुकीची ठरते. कढत पाणी पहिल्यांदाच ओतले, तर आपण प्रथिने शिजवून पक्की करतो. राखेने किंवा मातीने घासले तर भांड्यावर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना लपायला जागा मिळते.

योग्य क्रम असा आहे. दूध ओतून होताच किटली कोमट पाण्याने विसळावी. पाणी हाताला सोसेल इतकेच गरम असावे. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून (१० लिटरला सुमारे ५० ग्रॅम) ब्रशने घासावी. नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून काढावी आणि पालथी घालून वाळवावी. क्षारांचा थर दिसू लागला तर अधूनमधून डेअरीसाठी मिळणाऱ्या आम्लाने धुवावे. निर्जंतुक करायचे असल्यास क्लोरीनचे पाणी शेवटी, धार काढण्याच्या थोडे आधी वापरावे. दुधाचा थर तसाच असेल तर क्लोरीन त्या थरावरच खर्ची पडते आणि जंतू बचावतात. एक इशारा विद्यार्थ्यांना अवश्य द्यावा. आम्ल आणि क्लोरीनचे द्रावण कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

वाळवण्याला इतके महत्त्व का? उबदार हवेत, ओलाव्यात आणि दुधाच्या थरात काही जंतू दर २० मिनिटांना दुप्पट होऊ शकतात. समजा, रात्री ७ तास असेच चालले. सात तासांत २१ वेळा दुप्पट, म्हणजे एका जंतूचे २०,९७,१५२ झाले. हा गुणाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. कोरड्या भांड्यात मात्र तो पहिल्या पायरीवरच अडतो.

यंत्राने धार काढली तर?

संकरित गायींचे मोठे गोठे वाढले, तशी धार काढण्याची यंत्रेही आली. जिथे बऱ्याच गायी एका वेळी यंत्रावर उभ्या करतात त्या जागेला 'मिल्किंग पार्लर' म्हणतात. तिथे दूध सडातून रबरी नळ्यांत आणि तेथून बंद नळीने टाकीत जाते. उघडे भांडे नाही, म्हणून ते आपोआप स्वच्छ, असे वाटते. पण नळीच्या आत ब्रश फिरवता येत नाही. म्हणून घासण्याचे काम वेगाने खेळवलेल्या पाण्यावर सोपवतात. क्रम तोच: कोमट पाणी, गरम सोडा, साधे पाणी आणि ठरावीक दिवसांनी आम्ल. रबराला भेगा पडल्या असतील तर त्यांत दूध साचते. अशा वेळी कितीही धुतले तरी उपयोग नाही, रबर बदलावेच लागते.

कास धुण्याबाबत एक गंमत सांगण्यासारखी आहे. तेथे पाणी जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, असे नसते. सबंध कास भिजवली तर शेणामातीचे पाणी ओघळून सडावर आणि तेथून दुधात उतरते. फक्त सड धुऊन, प्रत्येक जनावराला वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसले, तर पाणीही वाचते आणि दूधही चांगले निघते. फडके एकच असेल तर 'दगडी', म्हणजे कासदाह, एका जनावराकडून दुसऱ्याकडे जायला वाट मिळते.

एक लिटर दूध आणि साडेबारा हजार लिटर पाणी

आता तिसरा प्रश्न. धुतल्याने दूध नाहीसे होत नाही, फक्त जागा बदलते. किटलीतले दूध पाण्यात गेले, पाणी गटारात, गटार ओढ्यात आणि ओढा पंचगंगेत. किटलीत ज्या जंतूंना खाद्य मिळाले असते, तसल्याच जंतूंना ते आता ओढ्यात मिळते. खाताना ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. हा ऑक्सिजन किती लागेल, याच्या मापाला जैव-ऑक्सिजन मागणी किंवा 'बीओडी' म्हणतात.

दुधाची बीओडी लिटरला सुमारे १,००,००० मिलिग्रॅम आहे. घरगुती सांडपाण्याची साधारण २०० ते ३०० असते. आंघोळीला योग्य अशा नदीच्या पाण्यात ती ३ च्या आत असावी, असे आपल्याकडचे मानक आहे. नदीच्या स्वच्छ पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे एक लिटर दूध पचवायला १,००,००० ÷ ८ = १२,५०० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन लागेल.

समजा, एका गावात २०० किटल्या आहेत आणि प्रत्येकीत दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर दूध राहिले. एका पाळीला दोन लिटर झाले. त्यासाठी २५,००० लिटर पाण्यातला ऑक्सिजन हवा. वाहत्या पाण्यात हवेतून ऑक्सिजन पुन्हा मिसळत राहतो, हे खरे. पण उन्हाळ्यात ओढा आटून डबकी उरतात, तेव्हा ही भरपाई फार सावकाश होते. मग पाण्याला वास येतो आणि मासे मरतात.

पाण्याची उतरंड

यावर उपाय म्हणून पाणी कमी वापरून किटल्या अर्धवट धुवा, असे कोणी म्हणणार नाही. पाणी पुन्हा वापरता येते, पण त्यालाही नियम आहे. पाणी नेहमी अधिक स्वच्छ कामाकडून कमी स्वच्छ कामाकडे उतरत जावे. उलट दिशेने कधीही जाऊ नये.

शेवटच्या खळबळण्याचे पाणी जवळजवळ स्वच्छ असते. त्याने लगेच गोठ्याची जमीन धुवावी. मोठ्या डेअऱ्यांत हे पाणी टाकीत साठवून पुढच्या धुण्याची पहिली विसळणी त्यानेच करतात. त्यानंतर सोडा आणि साधे पाणी यायचेच असते, म्हणून हे चालते. शेवटच्या विसळणीला मात्र ते चालणार नाही. दूध थंड करताना पत्र्याच्या पलीकडून जाणारे पाणी दुधाला लागतच नाही. ते नुसते कोमट होते, म्हणून जनावरांना पाजता येते.

पहिल्या विसळणीत सगळ्यांत जास्त दूध असते, म्हणून गटारासाठी ते सर्वांत वाईट. पण त्यात सोडा नसतो. ते ताजे असतानाच पेंड भिजवायला वापरले, तर ओढ्याचे संकट जनावराचे खाद्य होते. दगडी झालेल्या जनावराचे दूध लागलेले पाणी तेवढे वगळावे.

शेणामुताचे पाणी गोबर गॅसच्या संयंत्रात जाऊ शकते. तेथे शेणाइतकेच पाणी लागते. सोडा आणि क्लोरीनचे पाणी तेथे घालू नये, कारण गॅस तयार करणारे जंतूच मरतील. सोड्याचे पाणी रोज एकाच वाफ्यातही सोडू नये. त्यातला सोडियम जमिनीत साचतो आणि जमीन चोपण होते. क्षारपड जमीन म्हणजे काय, हे शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सोडा मोजून वापरावा आणि ते पाणी भरपूर साध्या पाण्यात मिसळून, जागा बदलत, गवताला किंवा उसाला द्यावे.

वापर वेगळा ठेवण्याची कल्पना कोल्हापूरला नवी नाही. रंकाळ्याजवळची 'धुण्याची चावी' पाहा. कपडे तलावात नेऊन धुण्याऐवजी तलावाचे पाणी बाहेर आणून तेथे धुवावेत, अशी ही संस्थानकाळातली सोय. घाण पाण्याकडे नेऊ नये, पाणी कामाकडे आणावे, हे तत्त्व गोठ्यालाही लागू पडते.

करून पाहा

१. स्टीलच्या तीन ताटल्यांना दूध लावून अर्धा तास वाळू द्या. एक गार, एक कोमट आणि एक उकळत्या पाण्याने विसळा. उकळते पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावे. ताटल्या वाळल्यावर उजेडात तिरप्या धरून पाहा आणि बोटाने चाचपून पाहा.

२. एका परीक्षानळीत नीट धुऊन वाळवलेल्या भांड्यातले कच्चे दूध आणि दुसरीत न धुतलेल्या भांड्यात ठेवलेले कच्चे दूध घ्या. प्रत्येकी १० मिलिलिटर दुधात मिथिलीन ब्ल्यूचे अगदी विरळ द्रावण १ मिलिलिटर घालून बूच लावा आणि नळ्या ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. जंतू ऑक्सिजन संपवतात तसा निळा रंग जातो. चांगल्या दुधात तो पाच तासांहून अधिक टिकतो, वाईट दुधात अर्ध्या तासातही जातो.

३. दोन बाटल्या ओढ्याच्या पाण्याने काठोकाठ भरा. दोन्हींत मिथिलीन ब्ल्यूचे काही थेंब टाका, एकीत चमचाभर दूध घाला आणि बुचे लावून एक-दोन दिवस ठेवा. कोणत्या बाटलीतला रंग आधी जातो?

दुसरा आणि तिसरा प्रयोग शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारा, या दोन्हींत फरक कोणता? एकात आपण किटली तपासली, दुसऱ्यात ओढा. रंग घालवणारे कारण तेच आहे. त्यानंतर प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या गोठ्यात जाऊन एका पाळीचे पाणी बादल्यांत मोजावे आणि प्रत्येक बादली शेवटी कुठे गेली, याचा नकाशा वहीत काढून आणावा. नकाशातले किती बाण ओढ्याकडे जातात, ते वर्गात मोजू या.