अँजिओग्राफी नॉर्मल, तरीही हृदय थकलेलं

अँजिओग्राफीत एकही ब्लॉकेज नाही. इकोमध्ये मात्र हृदय मोठं झालेलं आणि पंपिंग निम्म्यावर आलेलं. चाळिशीतल्या माणसाच्या हातात असा रिपोर्ट पडला की घरात कारणांची शोधाशोध सुरू होते: टेन्शन, जागरणं, दारू, मागे येऊन गेलेला ताप. हृदयाच्या स्नायूच्या घडणीतच उपजत फरक असू शकतो, ही शक्यता बहुतेक वेळा बोलण्यात येतच नाही. ती यायला हवी, कारण तिचा संबंध रुग्णाच्या भावंडांशी आणि मुलांशीही असतो.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं, असं अजूनही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जमत नाही. म्हणून जिना चढताना धाप लागते, पावलांवर सूज येते, आडवं झालं की घुसमटतं. रक्तवाहिन्यांतले अडथळे, रक्तदाब, मधुमेह ही त्याची नेहमीची कारणं. स्नायूच मुळात आजारी असेल तर त्याला कार्डिओमायोपॅथी म्हणतात. जनुकांचा प्रश्न मुख्यतः तिथे येतो.

या प्रश्नामागे अख्खी कारकीर्द लावलेल्या डॉक्टर म्हणजे बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या हृदयरोगतज्ज्ञ क्रिस्टिन सायडमन. त्यांचे पती जोनाथन जनुकशास्त्रज्ञ. हार्वर्डमध्ये दोघांनी मिळून प्रयोगशाळा चालवली. हृदयाची भिंत जाड होत जाणारा आणि कधी कधी तरुण माणसाचा अचानक जीव घेणारा आजार लंडनच्या डोनाल्ड टीअर यांनी १९५८ मध्ये नोंदवला होता. तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो हे क्वेबेकमधल्या एका मोठ्या फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबात दिसत होतं, पण कारण हाती लागत नव्हतं. सायडमन यांच्या गटाने त्याच कुटुंबाच्या आधारे १९८९ मध्ये आजाराची जागा चौदाव्या गुणसूत्रावर शोधली आणि पुढच्याच वर्षी नेमका बदल दाखवला. मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनात ४०३ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन आलं होतं. बाकी साखळी जशीच्या तशी. एवढ्याशा फरकाने एका घराण्याचा इतिहास बदलावा, हे मला आजही अस्वस्थ करतं.

‘आमच्या घराण्यात हे कुणालाच नाही.’ हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो. हृदय मोठं होऊन पंपिंग घटतं, त्या डायलेटेड कार्डिओमायोपॅथीत टायटिन या जनुकाचा वाटा किती, हे सायडमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलं. टायटिन हे माणसाच्या शरीरातलं सर्वांत मोठं प्रथिन, म्हणून त्याचं जनुक पूर्ण वाचणं वर्षानुवर्षं कठीण होतं. ते वाचल्यावर दिसलं की कौटुंबिक रुग्णांपैकी सुमारे २५ टक्क्यांमध्ये हे प्रथिन अर्धवट तोडणारा बदल आहे. आणि घरात दुसरं कुणीच आजारी नसलेल्या रुग्णांमध्येही तो १८ टक्क्यांत सापडला. म्हणजे ‘घराण्यात नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘घरात कुणी इको काढलेला नाही’ एवढाच असतो. हा बदल सहसा प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी, आणि तो आईकडूनही येतो. तपासणीला बोलावताना सासरी गेलेल्या बहिणी आणि लेकी यादीतून सुटू नयेत.

‘दारूमुळे झालं’, ‘बाळंतपणामुळे झालं’. बाळंतपणाच्या आसपास काही स्त्रियांचं हृदय अचानक कमजोर होतं. अशा १७२ स्त्रियांची जनुकं २०१६ मध्ये तपासली गेली, तेव्हा १५ टक्क्यांमध्ये प्रथिन अर्धवट तोडणारे बदल मिळाले, त्यातले बरेचसे टायटिनमध्येच. दारूने हृदय खराब झाल्याचं निदान असलेल्या रुग्णांतही सुमारे १० टक्क्यांमध्ये टायटिनचा बदल निघाला. इतरांत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होतं. कर्करोगाच्या काही औषधांनंतर हृदय कमजोर झालेल्यांतही तेच आढळलं. दारू निर्दोष ठरते असं नाही, ती सोडावीच. पण मूळची कमजोरी आणि वरून पडलेला ताण एकत्र आले की आजार उघड होतो. बाळंतिणीला ‘काळजी घेतली नाहीस’ म्हणणं तर चुकीचं आणि निर्दयही. आणि कारण मिळालं म्हणून शोध थांबला, तर तिची भावंडं तपासायची राहतात.

‘दोष सापडला, म्हणजे आजार होणारच.’ नाही. टायटिनचा असा बदल असलेली पुष्कळ माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात. आपल्या भागाशी थेट जोडलेलं उदाहरण आणखी बोलकं आहे. मदुराईचे पेरुंदुराई धंडापाणी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की मायबीपीसी-३ या जनुकातली २५ अक्षरं गळण्याचा बदल सुमारे ४ टक्के भारतीयांत आहे आणि त्याचा हृदयाच्या आजाराशी संबंध आहे. बातम्यांनी कोट्यवधी भारतीयांना जवळजवळ रुग्णच ठरवलं. पुढच्या संशोधनातून दिसलं की तो बदल असणाऱ्यांपैकी काहींच्याच त्याच जनुकात आणखी एक बदल असतो, आणि धोक्याचा मोठा भाग त्या दुसऱ्याकडे जातो. एकट्या बदलाने घाबरून जाण्याचं कारण नाही.

‘टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे सुटलो.’ घरातल्या रुग्णात नेमका बदल आधी सापडला असेल आणि तो तुमच्यात नसेल, तरच. रुग्णातच काही सापडलं नसेल, तर जवळच्या नातेवाइकांनी ईसीजी आणि इको ठरावीक वर्षांनी करत राहायला हवा. आज नॉर्मल आलेला इको दहा वर्षांनंतरची हमी देत नाही.

‘कळून तरी उपयोग काय?’ लॅमिन या जनुकात बदल असेल तर पंपिंग फार घटण्याआधीच जीवघेण्या अनियमित ठोक्यांचा धोका असतो, त्यामुळे डॉक्टर शॉक देणारं यंत्र बसवण्याचा विचार लवकर करतात. टायटिनचे अनेक रुग्ण नेहमीच्या औषधांनी चांगले सावरतात. आणि मायोसिनमधल्या बदलाचा शोध औषधापर्यंतही पोहोचला. सायडमन दांपत्य ज्या कंपनीच्या संस्थापकांत होतं, तिथे मॅव्हाकॅम्टेन तयार झालं. जाड झालेल्या हृदयाच्या स्नायूत मायोसिनचा अतिरेकी जोर ते कमी करतं, आणि रक्त बाहेर पडायची वाट अडलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेने २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली.