परसातली मिरची कोणत्या जातीची?

उन्हाळा आला की बारामती-इंदापूरकडच्या घरांतून वर्षाच्या चटणीची तयारी सुरू होते. रंगासाठी ब्याडगी, चवीसाठी संकेश्वरी आणि झणझणीतपणासाठी लवंगी, अशा मिरच्या आणून त्यांचे देठ मोडले जातात. सुपात उरलेले मूठभर बी कोणीतरी परसात, मोरीच्या पाण्यावर टाकते. आठ-पंधरा दिवसांत रोपे वर येतात, पुढे मिरच्याही लागतात. पण पुष्कळदा 'ब्याडगीचे बी' म्हणून टाकलेल्या झाडाला भलतीच मिरची दिसते. ती कोणती? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. उत्तर शोधायला एक भिंग, मोजपट्टी आणि वही एवढेच साहित्य पुरते.

नाव बाजारातले, जात शेतातली

आधी नावांकडे पाहू. ब्याडगी हे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातले गाव, संकेश्वर हे बेळगाव जिल्ह्यातले. म्हणजे ही नावे गावांवरून पडली. लवंगी हे नाव आकारावरून पडले. बाजारातले नाव मिरचीचा रंग, आकार आणि तिखटपणा सांगते. ती कोणत्या झाडाची, हे सांगतेच असे नाही. शास्त्रज्ञांनाही नावाने चकवले आहे. जाकँ यांनी १७७६ साली एका मिरचीला 'कॅप्सिकम चायनेन्स', म्हणजे चीनची मिरची, असे नाव दिले. प्रत्यक्षात सगळ्याच मिरच्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. आपल्याकडे त्या सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आल्या. तेव्हा नावावर विसंबू नये, झाडालाच विचारावे.

झाडाला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न फुलाला. पाकळ्या दुधासारख्या पांढऱ्या आहेत की हिरवट? दुसरा प्रश्न पेराला. एका पेराशी एकच फूल आहे की दोन-चार? तिसरा प्रश्न देठाला. देठ निदलपुंजाला, म्हणजे फळावरच्या हिरव्या टोपीला, जिथे मिळतो तिथे दोरा आवळल्यासारखी खाच आहे का? चौथा प्रश्न फळाला. ते खाली लोंबते की आभाळाकडे तोंड करते?

पांढऱ्या पाकळ्या, पेराशी बहुधा एक फूल आणि देठाशी खाच नाही, ही 'कॅप्सिकम ॲन्युअम' या प्रजातीची लक्षणे. आपल्या शेतातल्या बहुतेक मिरच्या आणि ढोबळी मिरचीसुद्धा याच प्रजातीतल्या. हिरवट पाकळ्या, उभा देठ आणि वर तोंड केलेली बारीक फळे असतील तर 'कॅप्सिकम फ्रुटेसन्स'. पेराशी दोन किंवा अधिक फुले आणि देठाशी स्पष्ट खाच असेल तर 'कॅप्सिकम चायनेन्स'. ईशान्य भारतातली प्रसिद्ध भूत जोलोकिया प्रामुख्याने याच प्रजातीची मानली जाते.

मात्र एका लक्षणावरून निकाल देऊ नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले ज्योती' या वाणाला झुबक्यात चार-पाच मिरच्या लागतात. 'पंत सी-१' या वाणाच्या मिरच्या वर तोंड करतात. तरीही दोन्ही वाण ॲन्युअमचेच. म्हणून चारही उत्तरे एकत्र मांडावीत आणि मगच ठरवावे.

प्रजाती ठरली की वाणाकडे वळावे. फळाची लांबी-जाडी, टोक अणकुचीदार की बोथट, साल गुळगुळीत की सुरकुतलेली, कच्चेपणीचा आणि पिकल्यावरचा रंग, हे सारे नोंदवावे. उदाहरणार्थ, लांब, बारीक आणि कच्चेपणीच आडव्या सुरकुत्या असलेली मिरची दिसली, तर 'पुसा ज्वाला'चा विचार मनात यावा. प्रत्येक झाडाची निदान पाच पूर्ण वाढलेली फळे मोजून सरासरी काढावी.

फसवणाऱ्या खुणा

तिखटपणा ही ओळख पटवण्याची सर्वांत कच्ची खूण. पाण्याचा ताण पडला की मिरचीच्या अनेक वाणांचा तिखटपणा वाढतो. आपल्या भागात एका बाजूला निरेच्या कालव्याचे बागायत आणि दुसऱ्या बाजूला जिरायत माळ आहे. एकाच बियाण्याची रोपे दोन्हीकडे लावून विद्यार्थ्यांना हा फरक तपासता येईल.

पानांचा आकारही फसवतो. फुलकिड्यांनी रस शोषला तर पाने वरच्या बाजूला वळतात, कोळी पडला तर खालच्या बाजूला. अशा बोकड्या झालेल्या झाडाची पाने जातीचे लक्षण म्हणून लिहू नयेत.

बी आईचे, पण वडील कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ब्याडगीच्या बीपासून वेगळी मिरची का आली? मिरचीच्या फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, त्यामुळे तिचे स्वपरागण होते. पण मधमाश्याही शेजारच्या झाडाचा पराग आणतात. म्हणूनच मिरचीच्या प्रमाणित बियाण्याच्या शेताजवळ २०० मीटरपर्यंत दुसरा मिरचीचा वाण नसावा लागतो. शेतात इतके अंतर पाळलेले नसेल, तर बाजारातून आलेल्या मिरचीतल्या बीचे 'वडील' कोण, हे सांगता येत नाही.

येथे एक समज तपासावा. तिखट मिरचीशेजारी ढोबळी लावली की ढोबळी तिखट होते, असे म्हणतात. तिखटपणा देणारे कॅप्सायसिन तयार होते ते आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये, बियांमध्ये नव्हे. या शिरा आणि फळाची साल आईच्या झाडाच्या पेशींची असतात. त्यामुळे परका पराग आला तरी त्या हंगामाची ढोबळी गोडच राहते. बदल दडलेला असतो तो बीमध्ये, आणि ते पेरल्यावरच दिसतो.

तिखटपणा असणे हे गोडपणावर प्रभावी लक्षण आहे. तिखट आणि गोड यांच्या संकरातून आलेली पहिली पिढी सगळी तिखट. तिचे बी धरून पेरले तर दुसऱ्या पिढीत तीन तिखटास एक गोड असे प्रमाण येते. मेंडेलच्या वाटाण्यांचा नियम तो हाच. पण परसात चारच झाडे असतील तर चारही तिखट निघण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते. सोळा झाडे लावली तर ती एक टक्क्यावर येते. चार झाडांवरून अनुमान का काढू नये, हे गणिताच्या तासाला दाखवता येईल.

संकरित वाणाचे बी घरी धरून अर्धा एकर लावणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान याच नियमामुळे होते. पहिल्या पिढीचा एकसारखेपणा दुसऱ्या पिढीत विस्कटतो. कोणी लांब, कोणी आखूड, अशा मिश्र मालाला भाव मिळत नाही.

बी शुद्ध कसे ठेवावे?

उमलण्यापूर्वीच्या कळीवर पातळ मलमलीची पिशवी सैलसर बांधावी आणि फूल उमलल्यावर फांदी हलकेच टिचकीने हलवावी. फळ धरले की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. पूर्ण लाल झालेल्या त्याच मिरचीचे बी सावलीत वाळवून, नाव आणि तारीख लिहून ठेवावे. मिरची शिक्षकांनी चिरावी. कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेव्हा हातांना आधी तेल आणि मग साबण लावावा.

या वह्यांचे मोल वर्गापुरते नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांना आपला वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो. त्यासाठी तो वेगळा, एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा आहे का, हे पाहतात. आणि ते पाहतात फळाची ठेवण, रंग, लांबी अशाच लक्षणांवरून. इंदापूरच्या एखाद्या वस्तीवर सासूकडून सुनेकडे आलेले गावरान मिरचीचे बी आजही गाडग्यात असेल. त्याची लक्षणे कोणी लिहून ठेवली नाहीत, तर ते बी संपेल त्या दिवशी काय संपले, हेही कळणार नाही. विद्यार्थ्यांनी या हंगामात घरच्या एका तरी झाडाची नोंद करावी आणि आजीला विचारावे, हे बी आले कोठून?