ठोके सुधारले, माणसं दगावली

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अनेकांच्या ईसीजीत मधूनमधून जादा ठोके दिसतात. असे ठोके पडणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. मग गोळी देऊन ते ठोके दाबले तर जीव वाचतील, हा तर्क कुणालाही पटेल असाच होता. ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत तो तपासला गेला. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी सरासरी दहा महिन्यांत ६३ दगावले. औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. आणि ठोके तर दबलेले होते! १९८९ मध्ये ही औषधं थांबवावी लागली.

असं का झालं असावं? हृदयाच्या पेशीत सोडियम शिरलं की विद्युतसंदेश उठतो आणि पोटॅशियम बाहेर पडलं की पेशी पूर्वपदावर येते. ही दोन्ही औषधं सोडियमची दारं अडवतात, त्यामुळे संदेश मंदावतो. झटक्याने व्रण पडलेल्या स्नायूत हा मंद संदेश व्रणाला वळसा घालून परततो, तोवर मागचा स्नायू सावरलेला असतो. मग तोच संदेश पुन्हा फिरतो, फिरतच राहतो. धडधाकट हृदयात ही भीती कमी, म्हणून फ्लेकेनाइड आजही वापरात आहे. पण माणूस पारखून.

सोडियम रोखणारी ही औषधं पहिल्या वर्गातली. ऑक्सफर्डचे व्हॉन विल्यम्स यांनी १९७० च्या सुमारास मांडलेली ही वर्गवारी अजून शिकवली जाते. दुसऱ्या वर्गातले बीटा ब्लॉकर अ‍ॅड्रिनलिनचा हृदयावरचा मारा सौम्य करतात. जादा ठोके दाबण्यात ते तितके तरबेज नाहीत, तरी झटक्यानंतर त्यांनी खरोखर जीव वाचवले. माझ्या मते या साऱ्या कहाणीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. चौथ्या वर्गातलं व्हेरापामिल कॅल्शियम अडवून वरच्या कप्प्यांतून खाली येणारे संदेश मंदावतं.

तिसरा वर्ग पोटॅशियमला बाहेर पडू देत नाही. पेशी सावरायला वेळ लागतो आणि फिरत्या संदेशाची वाट बंद होते. मात्र हा वेळ फार लांबला, तर त्यातूनच जीवघेणी लय उद्भवू शकते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्सही तो लांबवतात, म्हणून सर्दी-खोकल्यासाठी गेलात तरी हृदयाची गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा. अमिओडेरोन याच वर्गातलं, पण चारही वर्गांची कामं थोडीफार करणारं. त्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग आयोडीन असल्याने थायरॉइडची तपासणी वेळोवेळी लागते. गोळी बंद केल्यावरही औषध कित्येक आठवडे शरीरात मुरलेलं असतं, त्यामुळे ही तपासणी लगेच थांबवता येत नाही.