वेशीत मावेल एवढाच जथा

मध्य इटलीतील तोस्काना आणि उंब्रिया हे प्रांत डोंगरमाथ्यावरच्या तटबंदीच्या गावांसाठी आणि त्या गावांच्या पायथ्याशी पसरलेल्या द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. प्रवासपुस्तिका ही दोन आकर्षणे वेगवेगळ्या पानांवर मांडतात, परंतु प्रत्यक्षात ती एकाच जुन्या व्यवस्थेची वरची आणि खालची बाजू होत. आणि हा प्रदेश आठ-दहा जणांच्या गटाने पाहावा असे जे सांगितले जाते, त्यामागेही सुखसोयीपेक्षा या व्यवस्थेच्या घडणीचेच कारण अधिक आहे.

गावे माथ्यावर वसली याला शत्रूची भीती हे कारण होतेच, पण खालच्या दलदलीतील हिवतापाचे भयही त्याइतकेच खरे होते. ऑर्व्हिएतो आणि व्होल्तेर्रा ही ठिकाणे तर रोमनांपूर्वी तेथे नांदलेल्या एत्रुस्कन लोकांनीच निवडलेली आहेत. माथ्यावर संरक्षण मिळाले तरी पाणी मिळेलच असे नव्हते, म्हणून 1527 मध्ये रोमची लूट झाल्यावर ऑर्व्हिएतोत आश्रयाला आलेल्या पोप सातव्या क्लेमेंटने वेढ्याच्या भीतीने तेथे सुमारे 53 मीटर खोल विहीर खोदवून घेतली. तिच्या भिंतीतून दोन सर्पिल जिने अशा रीतीने उतरवले आहेत की, पाणी आणायला खाली जाणारी खेचरे आणि भरल्या पखाली घेऊन वर येणारी खेचरे यांची वाटेत कधीच गाठ पडत नसे.

गाव आणि शिवार यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर सिएना नगराच्या सभागृहातील एका भित्तिचित्रासमोर थांबणे कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा उपयोगाचे ठरते. आंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने 1338-39 मध्ये तेथे सुशासन आणि कुशासन यांचे परिणाम रंगवले. सुशासनाच्या भिंतीवर एका अंगाला बांधकामे, दुकाने आणि नृत्य यांनी गजबजलेले नगर, तर दुसऱ्या अंगाला नांगरट, कापणी आणि द्राक्षमळे दिसतात, आणि दोहोंच्या मधोमध उघडी वेस आहे, जिच्यातून माल लादलेली जनावरे आत येत आहेत आणि घोडेस्वार बाहेर पडत आहेत. कारभार नीट चालला की वेस उघडी राहते आणि शिवार पिकते, हा राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर कायमचा लावलेला धडा होता. पुढे दहा वर्षांच्या आत, 1348 च्या प्लेगने, सिएनाच्या प्रजेचा मोठा भाग गिळला, हेही त्या भिंतीसमोर उभे असताना विसरता येत नाही.

शिवाराची बाजू मात्र चित्रात दिसते तितकी सुखाची नव्हती. येथील जमीन शतकानुशतके ‘मेत्झाद्रिया’ या पद्धतीने कसली गेली. मालकाने जमीन आणि घर द्यायचे, कसणाऱ्या कुटुंबाने श्रम करायचे आणि पीक निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे, अशी ही पद्धत असून महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ती अर्धेली या नावाने सहज ओळखता येईल. कुटुंबाला वर्षभर लागणारे सर्व काही त्याच तुकड्यात पिकवावे लागत असल्यामुळे गहू, ऑलिव्ह आणि द्राक्ष एकाच शेतात असत, आणि वेली मांडवावर किंवा तारेवर नव्हे, तर मॅपलसारख्या झाडांवर चढवलेल्या असत. पर्यटकांना सनातन वाटणाऱ्या सरळ, शिस्तबद्ध द्राक्षरांगा बहुतांशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. त्याच्या आगेमागे हजारो कुटुंबे कारखान्यांकडे निघून गेली आणि दगडी शेतघरे ओस पडली. पुढे 1985 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुणे ठेवून उत्पन्न मिळवण्याची वाट मोकळी केली. ‘आग्रितुरिझ्मो’ म्हणून आज ज्या घरांत प्रवासी मोठ्या हौसेने उतरतात, त्यांपैकी अनेक घरे ही गरिबीमुळे रिकामी झालेली घरे आहेत, ही गोष्ट यजमान क्वचितच सांगतात.

या प्रदेशातील बहुतेक तांबड्या वाइनचे मूळ ‘सान्जोवेझे’ या एकाच द्राक्षजातीत आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधील कियान्तीची सीमा 1716 मध्येच तिसऱ्या कोझिमो मेदिचीच्या फर्मानाने आखली गेली होती. तेथील मुरमासारखी पापुद्रे सुटणारी, पाण्याचा निचरा करणारी जमीन वेलीला फार फोफावू देत नाही आणि त्यामुळे घडांत रस घट्ट उतरतो. दक्षिणेकडील मोंताल्चिनोची ‘ब्रुनेल्लो’ ही केवळ सान्जोवेझेची असते आणि तिला किमान दोन वर्षे लाकडी पिंपात मुरवावे लागते. द्राक्षकाढणीनंतरचे पाचवे वर्ष उजाडेपर्यंत ती बाजारात आणता येत नाही. 1980 मध्ये तिला ‘डीओसीजी’ हा दर्जा मिळाला, ज्याचा अर्थ उगमस्थान आणि निर्मितीचे नियम यांची सरकारी हमी असा असून, त्याची पट्टी बाटलीच्या गळ्याशी लावलेली असते. मोंतेपुल्चानो गावची ‘व्हिनो नोबिले’ आणि आब्रुत्सो प्रांतात पिकणारी मोंतेपुल्चानो नावाची द्राक्षजात यांचा एकमेकींशी संबंध नाही, एवढे लक्षात ठेवले तरी दुकानातील अर्धा गोंधळ टळतो.

सान्जोवेझे आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळही पिकते, कारण तेथील फ्रातेल्ली या वाइनरीच्या उभारणीत तोस्कानातील भागीदार आणि वाइनतज्ज्ञ होते. मात्र तोस्कानात हिवाळ्याच्या थंडीने वेल आपोआप झोपी जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी होते. अकलूजला तिला एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी अशा दोन छाटण्यांनी वळण लावून उन्हाळ्याच्या तोंडाशी घड काढावे लागतात.

आता गटाच्या आकाराविषयी. या गावांत बाहेरच्या मोटारींना मज्जाव असलेले क्षेत्र असते, वेशीवरचा कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. मोठ्या बसला गावाखाली थांबावे लागते आणि द्राक्षमळ्यांकडे जाणाऱ्या पांढऱ्या, बिनडांबरी रस्त्यांवर तर ती नेणेच कठीण असते. युरोपात मोटारीच्या साध्या परवान्यावर चालकाखेरीज आठच प्रवासी नेता येतात, त्यामुळे नऊ आसनी गाडी हे लहान सहलींचे स्वाभाविक माप ठरले आहे. रक्तात प्रतिलिटर अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना गाडी चालवणे इटलीत बेकायदेशीर असल्यामुळे, न पिणारा चालक सोबत असणे आवश्यकच ठरते. शिवाय वाइनच्या तळघरात पिंपांच्या मधल्या बोळात जेवढी माणसे उभी राहू शकतात तेवढ्यांनाच उत्पादक नीट काही सांगू शकतो. चव घेतल्यावर वाइन भांड्यात थुंकणे तेथे असभ्य मानले जात नाही. दिवसात तीन तळघरे पाहणाऱ्याला दुसरा उपायही नसतो.

तीन तळघरे हीदेखील खरे तर अतिशयोक्तीच होय. सहा दिवसांत दहा गावे दाखवणाऱ्या सहलींपेक्षा दोन ठिकाणी मुक्काम ठेवून आसपास फिरणे अधिक शहाणपणाचे असते, आणि याचे उत्तम उदाहरण सान जिमिन्यानो आहे. तेथे श्रीमंत घराण्यांनी चढाओढीने 72 मनोरे बांधले होते असे परंपरा सांगते. आज 14 उरले आहेत. प्लेगनंतर गाव फ्लॉरेन्सच्या अंकित झाले आणि दरिद्री झाले, म्हणूनच जुने पाडून नवे बांधणे त्याला जमले नाही आणि मनोरे टिकले. दुपारी तेथील गल्ल्यांतून वाट काढणे नकोसे होते. दिवसाच्या बसगाड्या परतल्यावर, हातात तेथल्याच पांढऱ्या ‘व्हेर्नाच्चा’चा पेला असताना, तेच गाव पाहण्यासारखे होते.

मराठी प्रवाशाला या टेकड्यांशी जोडणारा एक धागा सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत सहसा नसतो. 1944 च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला असलेल्या मोंतेगुफोनी या वाड्यात युद्धापासून वाचवण्यासाठी उफिझी संग्रहालयाची चित्रे ठेवलेली होती, त्यांत बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमाव्हेरा’ही होते, आणि आघाडी तेथवर पोहोचली तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनी त्यांवर पहारा दिला. त्याच वर्षी 10 जुलैला वरच्या तिबेर खोऱ्यात याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांनी, सोबतचे सैनिक पडल्यावर, मशीनगनच्या मोर्चावर एकट्याने चाल केली आणि तो जिंकल्यावर ते शत्रूच्या गोळीला बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. उंब्रियातील मोंतोने या टेकडीवरच्या गावाने 2023 मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यतबकडी उभारली. चाळीस जणांच्या बसला एवढ्या आडवाटेचे वळण परवडत नाही. नऊ आसनी गाडीला ते परवडते.